एकशे त्रेचाळीस नंबरचा नमुना

नाना, तुमच्या जलदानविधीला मी जे बोलले ते तुम्हाला आवडलं नसतं. विहारासमोरच्या मांडवात वंदना झाली, मग एकेक जण उठून तुमच्याविषयी चार शब्द बोलू लागला, आणि कुणीतरी म्हणालं, आता अमळनेरच्या मॅडम बोलतील. मी उठले. नाना आमच्या कामाचा कणा होते, असं म्हणाले. नोकरी संपली की माणसं ओट्यावर बसून राहतात, नानांनी मात्र बारा गावं पायाखाली घातली, असंही म्हणाले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अक्कांनी मला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं आणि त्यांच्या माहेरच्या माणसांना सांगितलं की ह्या मॅडम म्हणजे ह्यांची मानलेली लेक. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखाने घातली.

त्या भाषणात खोटं एकही वाक्य नव्हतं. सांगायला हवं होतं ते तेवढं मी गाळलं होतं. वर्गातल्या एखाद्या पोराने प्रयोगाच्या वहीत असं केलं असतं तर मी ती वही भिरकावून दिली असती. माझा तो तापट अवतार तुम्ही पाहिलेला आहे. एकदा तुमच्यासमोर मी एका विद्यार्थिनीला रडवलं होतं, तर तुम्ही दिवसभर माझ्याशी बोलला नव्हतात. आता माझीच वही उघडते.

मी पहिल्यांदा तुमच्या दारात आले तेव्हा माझ्याकडे मंजूर झालेला एक प्रकल्प होता आणि तो करायचा कसा याची काडीची अक्कल नव्हती. चोपड्याच्या वरची, सातपुड्याच्या पायथ्याची बारा गावं. तिथली मोकाट कुत्री आणि रानातले कोल्हे. त्यांच्या पोटातले कोणते जंत माणसात येऊ शकतात ते बघायचं, आणि त्यासाठी विष्ठेचे नमुने गोळा करायचे. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की आमचे निवृत्त परिचर विहाराच्या मागे राहतात, या भागातलं कुत्रं न् कुत्रं त्यांना ओळखतं. मी तुमच्या ओट्यावर बसून पंधरा मिनिटं माझा विषय समजावून सांगितला. तुम्ही सगळं शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, म्हणजे कुत्र्याचा गू डबीत भरायचा? मी म्हटलं, हो. छत्तीस वर्षं सरकारने मला तो फेकायला ठेवलं होतं, तुम्ही म्हणालात, आणि आता तोच जपून ठेवायला सांगतंय. ठसका लागेपर्यंत हसलात. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला डोक्याला रुमाल बांधून तयार होतात.

प्राणिशास्त्रात पीएच.डी. केलेल्या या बाईने रानातला कोल्हा कधी पाहिलेला नव्हता, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखलंत आणि कुणाला सांगितलं नाहीत. केळीच्या बागेत ठिबकची नळी कुरतडलेली दिसली की आसपासच्या बांधावर बघायचं. कोल्हा शौचाला उंचवट्यावर बसतो, दगडावर, वाळक्या गवताच्या गड्ड्यावर. विष्ठेत बोरांच्या बिया आणि उंदराचे केस असतात. कुत्र्याची तशी नसते. हे कुठल्याच पुस्तकात मला इतकं सरळ मिळालं नव्हतं. मी तुम्हाला हातमोज्यांवरून ओरडायची, कारण तंबाखू मळायला तुम्ही एक हात मोकळा ठेवायचात. शेवटी वैतागून तुम्ही रानात तंबाखूच खाणं सोडलंत. याचा मला इतका गर्व होता की मी ते सगळ्या स्टाफरूमला सांगितलं. नानांना मी शिस्त लावली म्हणे.

आणि ती चोपडा-अमळनेर बस. थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसलेले तुम्ही, आत चाळीस डब्या. कंडक्टरने विचारलं काय आहे, तर तुम्ही ठोकून दिलंत, तापीना मासा शेतस. तो बिचारा पूल ओलांडून अमळनेर येईपर्यंत तुमच्या मागे लागला की एखादा दाखवा तरी, कोणता आहे, कुठे मिळाला. मी खिडकीकडे तोंड करून ओढणी तोंडात कोंबली होती. उतरताना तुम्ही त्याला गंभीर चेहऱ्याने सांगितलंत की हा मासा फक्त कॉलेजवाले खातात. तसं हसणं मला घरीदारी कुठेच जमत नाही.

मला माझ्या एका नियमाचा फार अभिमान होता. सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्याला नमुना कुणाचा हे माहीत असता कामा नये, नाहीतर डोळा आपल्याला हवं ते बघतो. म्हणून डबीवर फक्त नंबर. कोणता नंबर कोणत्या गावचा, कोणत्या कुत्र्याचा, कुठे मिळाला, हे तुमच्या वहीत. फेरी संपली की वही पाकिटात, पाकिटावर लाख, लाखेशेजारी तुमची सही, आणि पाकीट माझ्या कपाटात. सगळी मोजणी पुरी झाल्याशिवाय ते उघडायचं नाही. तुमच्याकडे कुत्र्याचं नाव आणि माझ्याकडे निकाल, दोन्ही एकत्र यायचे ते अगदी शेवटी. तुम्ही लाखेवर फुंकर घालत विचारलं होतंत, "ताई, कुत्रासना गूमाबी गुप्त मतदान ऱ्हास का?" मी म्हटलं, हो, ऱ्हास.

ज्या पट्टकृमीच्या मागे आपण होतो तो तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत होता, नाव तेवढं माहीत नव्हतं. दवाखान्यात मेलेली बकरी फाडली की काळजावर म्हणजे यकृतावर, फुप्फुसावर पाण्याचे फुगे दिसायचे ते तुम्ही पाहिलेले होते. नवसाचा बोकड पडला की ज्या काळजावर असे फुगे निघतात ते माणूस खात नाही, कुत्र्यापुढे टाकतो. स्वच्छ काळीज आपल्याला आणि रोगी त्याला. फुग्यातला कृमी कुत्र्याच्या आतड्यात मोठा होतो, त्याची अंडी विष्ठेतून अंगणात येतात, आणि तिथून हाताला, भाजीला, पाण्याला लागून माणसाच्या पोटात. मग माणसाच्या काळजात तोच पाण्याचा फुगा वाढत राहतो, दहा दहा वर्षं, दुखत नाही की खुपत नाही. हे मी दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला फळ्यावर चित्र काढून शिकवते. चित्र मला चांगलं जमतं.

होळीच्या आधी बाहेरगावच्या प्रयोगशाळेचा कागद आला. पहिल्या फेरीतल्या सात नंबरांत तो कृमी निघाला होता. मी आनंदाने तुमच्याकडे आले. हो, आनंदच झाला होता मला, तीन वर्षांनी काहीतरी हाती लागलं म्हणून. तुम्ही आनंदला नाहीत. तुम्ही विचारलंत, "कोणता गावना शेतस, तेवढंच सांगा." मी म्हटलं, जूनमध्ये. दुसऱ्या फेरीची मोजणी झाली की पाकीट उघडू. तुम्ही म्हणालात, उन्हाळ्यात नवस फिटतात, बोकड पडतात, त्याआधी त्या गावांत खड्डे खणून घेऊ, टाकाऊ काळीज पुरायला सांगू. मी समजावलं, की आत्ता खड्डे खणले तर दुसरी फेरी वेगळी येणार, मग पहिलीशी तुलना कसली करायची. तीन वर्षांचं काम मातीत. तुम्ही म्हणालात, "पंचनामा व्हस तवलोंग बैल मरी जास." मी म्हटलं, शास्त्र असं घाईने होत नाही. माझं बरोबर होतं, नाना. अजूनही त्यातली एकही ओळ मला खोडता येत नाही, आणि तरी ते आठवलं की अंगाचा दाह होतो.

सोनाली, तुमची सात वर्षांची नात, अंगणात भुरीच्या गळ्यात रिबीन बांधत होती. तिचे आईबाप सुरतेला कामाला, म्हणून ती तुमच्याकडे, आणि ती कुत्री दिवसभर तिच्या पायांत. तिच्याकडे बघत तुम्ही हळूच विचारलंत, "तेमा एकशे त्रेचाळीस शे का?"

मी हसले. नाना, चीटिंग नाही करायची, असं म्हटलं. कागद माझ्या पर्समध्ये होता आणि त्यातले सातही आकडे मला पाठ होते. एकशे त्रेचाळीस त्यात होता. तुम्ही बरं म्हणालात आणि अक्कांना चहा टाकायला सांगितलंत.

आठवड्याने आपण केळीच्या बागेत कोल्ह्याच्या नमुन्यांसाठी गेलो. तुम्ही बांध चढताना मध्येच थांबलात आणि उजव्या बरगडीखाली हात दाबून धरलात. असं मी त्याआधीही दोनतीनदा पाहिलं होतं. काय होतंय विचारलं तर तुम्ही म्हणालात, "वायगोया शे. दोन ढेकर उनात का मोकयं व्हई जाई." मी पर्समधून ॲसिडिटीची गोळी काढून दिली. तुम्ही ती चघळलीत, आणि पुढे जाऊन आणखी सहा नमुने घेतलेत.

आता ते सांगते जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला सुचलं होतं. तुमचा हात जिथे होता ती जागा फळ्यावरच्या चित्रात मी दरवर्षी दाखवते, ती मला कळली नाही असं कसं होईल? तो शब्द मनात आला. त्याच्या पाठोपाठ आलं ते असं: सोनोग्राफीसाठी जळगावला न्यायचं म्हणजे दोन दिवस जाणार. काही निघालं तर ऑपरेशन, म्हणजे नाना हा सगळा उन्हाळा घरी. नानांशिवाय कोल्ह्याचा एक नमुना मिळायचा नाही, दुसरी फेरी गेलीच. एवढा सगळा हिशोब मी एका बांधावर उभी राहून केला, आणि मग स्वतःला म्हटलं, वायगोळाच असेल. फेरी झाली की नेऊ. हातमोज्यांसाठी तुमच्या डोक्यावर बसणारी मी, तेव्हा तेवढी बरी समजूतदार झाले.

तीन वर्षं आपण बारा गावांतली कुत्री तपासली, कोल्हे तपासले. तुम्हाला कुणी तपासलं नाही. तुम्ही आपल्या बाजूचे होतात, डबी भरणारे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तुमचं माझं शेवटचं बोलणं भांडणाचं झालं. तुम्ही माझं न ऐकता तुमच्या गावात खड्डा खणला होतात, बोकड कापतात त्या जागेच्या मागे, एकट्याने, कुदळ घेऊन. वर त्यावर पत्रा ठेवून लोकांना सांगत सुटलात की फुग्याचं काळीज यात टाका. मला दवाखान्यातून कळलं आणि मी फोनवर तुम्हाला वाटेल ते बोलले. माझ्या कामावर पाणी फिरवलंत, असं म्हणाले. तुम्ही तुमच्या त्या शांत आवाजात म्हणालात, "पानी नही ताई, माटी टाकी." मी फोन ठेवून दिला. दहा दिवस मी फोन केला नाही, मला राग होता. बरगडीखाली हात दाबत तुम्ही ती कुदळ कशी चालवली असेल हे मी तेव्हा मनातही आणलं नाही.

अकराव्या दिवशी फोन वाजला तो शेजाऱ्यांचा होता. दुपारी तुम्ही माळ्यावरून चारा काढत होतात, पाय सटकला, उजवी कूस गव्हाणीच्या काठावर आदळली. उठून धूळ झटकलीत, अक्कांकडे पाणी मागितलंत. थोड्याच वेळात अंगभर गांधी उठल्या आणि श्वास लागला. अक्कांना वाटलं, चाऱ्यातून काहीतरी चावलं. जीपने चोपडा, तिथून जळगाव. मी अमळनेरहून गाडीने पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

घरच्यांच्या वतीने बोलायला सगळ्यांनी मला पुढे केलं, शिकलेली म्हणून. डॉक्टरांनी बाजूला घेऊन सांगितलं की काळजात हायडॅटिडची, म्हणजे त्याच पाण्याच्या फुग्याची, गाठ होती, बेलफळाएवढी, मार लागून फुटली, आतलं पाणी शरीराला सोसलं नाही. गाठ बरीच जुनी असणार, दहा-बारा वर्षांची. मग त्यांनी विचारलं की हे करत काय होते. मी सांगितलं, माझ्या प्रकल्पासाठी कुत्र्यांचे नमुने गोळा करत होते. तुमच्या कधी लक्षात नाही आलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, घरात कुत्रं असेल तर घरच्यांची सोनोग्राफी करून घ्या. मी म्हटलं, हो.

जलदानविधीच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले, कपाट उघडलं, आणि तुमच्या सहीशेजारची लाख तोडली. वहीतलं तुमचं अक्षर परिचराच्या नोंदवहीतलं, ठसठशीत, ओळीत. एकशे त्रेचाळीससमोर लिहिलं होतं: आमनी भुरी. मन्हा ओटा. सकाय.

पाळलेलं कुत्रं आपल्या यादीत बसत नाही, तुमच्या घरचं घेऊ नका, असं मीच तुम्हाला सांगितलं होतं. तरी तुम्ही घेतलंत. मी कपाटासमोर उभी राहिले आणि हळूहळू सगळं लक्षात आलं. नंबर तुम्हीच घालत होतात, तुम्हाला ते वही न बघता पाठ होते. बकऱ्यांच्या काळजावरचे फुगे तुम्ही छत्तीस वर्षं पाहिले होते, तुमच्या बरगडीखाली काय दुखतंय याची शंका तुम्हाला माझ्याआधी आली असणार. फक्त तुमच्या ओट्यावर हा कृमी आहे की नाही तेवढं तुम्हाला माहीत नव्हतं. ते माझ्या पर्समध्ये होतं. तुम्ही माझा नियम न मोडता, दुसऱ्या कुणाचं नाव न विचारता, एका नंबराचं हो की नाही मागितलंत. आणि मी तुम्हाला चीटिंग करू नका म्हटलं.

गाठ जुनी होती, भुरी चार वर्षांची आहे, म्हणजे तुमची गाठ तिच्यामुळे नसणार. दवाखान्यातल्याच कुठल्यातरी जुन्या कुत्र्याची असेल. हे मी स्वतःला दिवसातून दहादा सांगते. खरं आहे ते. पण होळीला मी हो म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी जळगावला गेला असतात, आणि अशा गाठी न फुटता काढता येतात. हेही खरं आहे आणि हे मला रोज कुणी सांगावं लागत नाही.

वही वाचल्यावर मी त्याच दिवशी अक्कांकडे जायला हवं होतं. सोनालीचा हात दिवसातून किती वेळा भुरीच्या अंगावरून तोंडात जातो ते मी डोळ्यांनी पाहिलेलं. मी गेले नाही. आधी म्हटलं, घरात दुःख आहे. मग एक शहाणपणाची युक्ती सुचली, की तुमच्या गावात आरोग्य शिबिर भरवावं, सगळ्यांचीच सोनोग्राफी करावी, म्हणजे कुणाला काही सांगायची गरज नाही. त्याचा अर्जसुद्धा टाइप केला. भीती एकच होती, अक्का त्यांचा हात काढून घेतील. एका सात वर्षांच्या पोरीच्या पोटापेक्षा मला माझी तुमच्या घरातली जागा मोठी वाटली. असे अकरा दिवस गेले.

मग अक्कांचाच फोन आला. तुम्ही गेल्यापासून भुरी खात नाही, काही औषध असेल तर सांगा. पोरगी तिला कुशीत घेऊन ओट्यावर पडून असते, उठवली तरी उठत नाही. मी अर्ज तसाच टेबलावर सोडला आणि मिळाली ती बस धरली.

अक्का मिरच्यांची देठं काढत होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. खड्ड्यावरचं भांडण, वहीतलं नाव, तुम्ही विचारलेला नंबर, ॲसिडिटीची गोळी. मला सुचलं होतं आणि मी बोलले नाही, हेही सांगितलं. अक्कांचे हात थांबले. पदराने त्यांनी बोटं पुसली, बराच वेळ पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही त्यासले सांगं असतं, ते त्या दवाखानामा गया असतात."

त्यांनी सोनालीकडे पाहिलं, भुरीकडे पाहिलं, आणि विचारलं, "पोरले कवय लई जावानं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी जळगावला गेलो. अक्का स्वच्छ निघाल्या. सोनालीने टेबलावर झोपल्या झोपल्या विचारलं की टीव्हीत बाळ दिसेल का, तिच्या मावशीच्या दिसलं होतं. डॉक्टर हसले आणि मग हसायचे थांबले. काळजाच्या उजव्या बाजूला बोराएवढी गाठ आहे, नाना. डॉक्टर म्हणाले की फार लवकर सापडली, गोळ्यांनी विरघळायला हवी, दर तीन महिन्यांनी बघत राहू. अक्कांनी सोनालीचा फ्रॉक खाली ओढला आणि तिला कडेवर घेतलं, सात वर्षांची घोडी, तरी बस स्टँडपर्यंत खाली ठेवली नाही.

मी वही घेऊन गावं फिरले. सात नंबर चार गावांतले निघाले. दुसरी फेरी बाद झाली, ज्यांनी प्रकल्प दिला त्यांना तसं कळवून टाकलं. कुत्र्यांची नावं कुठे सांगितली नाहीत. एकदा कुत्रं पिसाळल्याची नुसती आवई उठली तर लोकांनी अख्ख्या गल्लीतली कुत्री मारली होती, ते तुम्ही मला सांगितलं होतंत. एका गावात तशी भाषा सुरू झालीच. तेव्हा मी तुमचं वाक्य तुमच्याच बोलीत म्हटलं, "कुत्रासनं काय चुकनं? त्यासले जे टाकं ते त्यासनी खादं." माझी अहिराणी ऐकून लोक हसले, पण काठीची भाषा थांबली. चारही गावांत आता खड्डे आहेत आणि कुत्र्यांना भाकरीतून जंताची गोळी जाते. भुरीलाही दिली. अक्का तिला हाकलून देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तिला मागच्या दारी बांधलंय, भाकरी स्वतः नेऊन घालतात आणि साबणाने हात धुतात.

सोनालीच्या गोळ्या चोपड्यात मिळाल्या नाहीत. मी जळगावहून आणल्या आणि काल तुमच्या घरी गेले. अक्का दारातच उभ्या होत्या. इतके दिवस जे तोंडातून निघत नव्हतं ते उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हटलं, अक्का, मला माफ करा. त्यांनी माझ्या हातातलं पाकीट घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. रागावल्या नव्हत्या. थकलेल्या होत्या.

"माफी त्यासले मांगा," म्हणाल्या. "माले गोयासनी येळ सांगा."

मी सांगितली. सकाळी एक, संध्याकाळी एक, तेलतूप असलेल्या जेवणावर, अठ्ठावीस दिवस, मग चौदा दिवस थांबायचं. त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, चूक नको म्हणून. मग आत गेल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत.

म्हणून हे लिहिलं, नाना. अक्कांनी पाठवलं म्हणून तुमच्याकडे आले आहे. मला सुचलं होतं आणि मी बोलले नाही. मला माफ करा, आणि तुम्हाला ते जमलं नाही तर तेही बरोबर आहे.